तीन खुरांचा घोडा

रोमन चरित्रकार सुएटोनिअस ह्यानें ज्यूलिअस सीझरच्या चरित्रांत त्याच्या एका घोड्याची हकीगत दिली आहे. ह्या घोड्याचे पाय माणसाच्या पायांसारखे होते. त्याचे खूर बोटांप्रमाणें चिरलेले होते. आणि शकुन पाहणाऱ्यांनीं त्यावरून असें भाकीत केलें होतें कीं, ह्याचा धनी पृथ्वीचें राज्य करील. सीझरनें तो घोडा मोठ्या निगुतीनें वाढविला, प्रथम आपणच त्याच्यावर स्वारी केली, आणि पुढें व्हीनस देवीच्या मंदिरासमोर त्याचा पुतळाहि उभारला. अंगावरच्या भोंवऱ्यांवरून धन्याचें बरेंवाईट सांगणाऱ्या आमच्या अश्वपरीक्षकांच्या दृष्टीस हें जनावर पडतें, तर त्यांनीं त्याची गणना सुलक्षणांत केली असती कीं खोडींत, कोण जाणे!

भाकिताचा भाग सोडून दिला तर ही हकीगत खोटी मानण्याचें कारण नाहीं. मुख्य खुराच्या बाजूस एखादें लहानसें जादा बोट घेऊन जन्मलेलें शिंगरूं क्वचित् आजहि आढळतें. ओथ्निएल मार्श ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत अशा घोड्यांचीं उदाहरणें गोळा करून त्यांजवर निबंध लिहिले होते. आणि असलें नवल न पाहिलेल्या मनुष्यासहि एक गोष्ट कोणत्याहि घोड्याच्या सांगाड्यांत पाहतां येईल. घोड्याच्या पुढच्या पायाची गुडघ्याखालची जी लांब नळी, ती वस्तुतः आपल्या तळहातांत मधल्या बोटामागें असतें तसलें एक हाड होय; खूर म्हणजे त्या एकाच बोटाचें नख. अर्थात् घोडा हा आपल्या मधल्या बोटाच्या टोंकावर उभा राहणारा प्राणी आहे. ह्या नळीच्या दोहों बाजूंस मागच्या अंगानें दोन बारीक हाडें चिकटलेलीं असतात. तीं वर थोडीं जाड, खालीं निमुळतीं होत गेलेलीं, आणि खुरापर्यंत पोंचण्याच्या आधींच मध्यें कोठें तरी संपलेलीं अशीं असतात. त्यांना भार पेलावा लागत नाहीं म्हटलें तरी चालेल. मग तीं तेथें आलीं कशाला? ज्या काळीं ह्या हाडांच्या खालीं खरोखरीचीं बोटें होतीं आणि त्या बोटांना खूर होते, त्या काळचे घोडे भूस्तरांत सांपडले, तेव्हांच ह्या प्रश्नाचें उत्तर मिळालें.

ह्या घोड्याला ‘हिप्पॅरिअन’ असें नांव १८३२ मध्यें फ्रान्समधील झ्यूल द क्रिस्तोल ह्यानें दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ लहान घोडा, तट्टू. आकारानें तो साधारण तट्टाएवढा किंवा झेब्र्याएवढा असे, आणि त्याच्या पायाला मधला मोठा खूर व दोहों बाजूंस दोन लहान खूर असत. योगायोग असा कीं, ह्याच सुमारास हिंदुस्थानांतहि त्याचीं हाडें उजेडांत येत होतीं. सहारणपूरच्या सरकारी बागेचा अधिकारी ह्यू फाल्कनर हा पेशानें वैद्य, आणि प्रोबी कॉट्ली हा कालव्यांवरचा एंजिनियर. ह्या दोघांनीं शिवालिकच्या टेकड्या धुंडाळून प्रचंड अस्थिसंग्रह केला. तेथील लोकांस हीं हाडें अपरिचित नव्हतीं. ते त्यांना ‘विजेचीं हाडें’ म्हणत. फिरिस्त्यानें आपल्या इतिहासांत, फिरोजशहा तुघलखानें कालव्यासाठीं एक टेकडी खोदविली तेव्हां राक्षसी आकाराचीं हाडें निघाल्याचें लिहून ठेविलें आहे. चौदाव्या शतकांतील कालव्यानें जें उकरलें, त्याचा अर्थ लावण्यास एकोणिसाव्या शतकांतील कालव्याचा एंजिनियर यावा लागला, हा मौजेचा योग म्हटला पाहिजे. लंडनच्या भूस्तरशास्त्रीय संस्थेनें १८३७ सालीं ह्या दोघांस वुलॅस्टन पदक दिलें. त्यांनीं शिवालिकच्या तीन खुरांच्या एका घोड्यास हरिणावरून नांव दिलें तें त्याच्या सडपातळ पायांमुळें. आणि १८७७ मध्यें रिचर्ड लिडेकर ह्यानें तेथल्याच दुसऱ्या, अंगानें थोराड अशा जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें.

ग्रीसमधल्या पिकेर्मीची कथा निराळीच. अथेन्सजवळच्या ह्या खेड्यांत १८३८ च्या सुमारास बव्हेरियन पलटणींतल्या एका शिपायाला चकाकणाऱ्या स्फटिकांनीं भरलेली एक कवटी मिळाली. ते हिरेच होत अशा समजुतीनें त्यानें ती म्यूनिकला नेली. स्फटिक निघाले चुनखडीचे, परंतु कवटी निघाली एका नष्ट झालेल्या माकडाची, आणि आंद्रेआस वाग्नर ह्या प्राध्यापकाच्या दृष्टीनें ती हिऱ्यांहून अधिक मोलाची ठरली. पुढें १८५५ पासून आल्बेर गोद्री ह्या फ्रेंच पंडितानें तेथें पद्धतशीर खोदकाम केलें, तेव्हां जिराफ, गेंडे, हरिणें ह्यांच्या जोडीला हिप्पॅरिअनचीं इतकीं विपुल हाडें मिळालीं कीं, त्याचा सारा सांगाडा जुळवितां आला.

आतां ह्या कथेंतील खरा वाद. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालीं प्रसिद्ध झाल्यावर विद्वानांस अशा वंशावळीची निकड भासूं लागली कीं, जींत एक प्राणी दुसऱ्यांत पायरीपायरीनें बदलत गेल्याचें हाडांवरून दाखवितां येईल. युरोपांत तशी वंशावळ तयारच होती असें वाटलें. खालच्या थरांत पॅलिओथीरिअम, त्यावर अँकिथीरिअम, त्यावर हिप्पॅरिअन आणि सर्वांत वर आजचा घोडा. बाजूचीं बोटें क्रमानें आखूड होत गेलेलीं, दांत क्रमानें उंच होत गेलेले. व्लादिमीर कोवालेव्स्की ह्या रशियन तरुणानें १८७३ मध्यें अँकिथीरिअमवर जो प्रबंध लिहिला, तो आजहि ह्या शास्त्रांतील उत्कृष्ट कृतींत गणला जातो. प्रसिद्ध गणिती सोफिया कोवालेव्स्काया हिचा हा पति. नुसतीं हाडें मोजून तो थांबला नाहीं. हें हाड असें कां झालें, ह्या पायानें जनावर कोणत्या जमिनीवर चाललें असेल, ह्या दांतांनीं त्यानें काय खाल्लें असेल, असे प्रश्न त्यानें विचारले. झाडपाला सोडून गवत खाण्याकडे झालेला कल आणि बोटांचा ऱ्हास ह्यांचा संबंध त्यानेंच प्रथम स्पष्टपणें मांडला. हा प्रतिभावान् पुरुष पुढें व्यापारधंद्याच्या भानगडींत बुडाला व १८८३ सालीं, एकेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें आत्महत्या केली.

त्याचा विचार खरा होता. वंशावळ मात्र खोटी होती. आणि ती खोटी ठरण्याची बीजें त्याच्या प्रबंधापूर्वींच अमेरिकेंत पेरलीं गेलीं होतीं. १८६८ सालीं मार्श आगगाडीनें नेब्रास्कांतून जात असतां अँटिलोप नांवाच्या स्टेशनावर विहीर खणतांना मनुष्याचीं व वाघाचीं हाडें निघाल्याची वदंता त्याच्या कानीं आली. गाडी सुटण्यापूर्वीं त्यानें मातीच्या ढिगांत शोध केला, आणि परतीच्या प्रवासांत स्टेशनमास्तरानें जमवून ठेवलेलीं टोपीभर हाडें हस्तगत केलीं. त्यांत मनुष्याचें हाड एकहि नव्हतें. होता तो जेमतेम यार्डभर उंचीचा, तीन खुरांचा घोडा. त्यानंतर येल विद्यापीठांत मार्शनें अशा घोड्यांच्या हाडांच्या पेट्यांवर पेट्या जमविल्या. १८७६ सालीं टॉमस हक्स्ली अमेरिकेंत व्याख्यानांस आला, तेव्हां युरोपीय वंशावळीवरचें व्याख्यान त्याच्या खिशांतच होतें. येलला तो कांहीं दिवस राहिला. तो ज्या ज्या दुव्याविषयीं शंका काढी, तो तो दुवा मार्श सहायकाकडून पेटी आणवून त्याच्या पुढें ठेवी. हक्स्लीनें आपलें व्याख्यान बदललें, आणि न्यूयॉर्कच्या श्रोत्यांस घोड्याचें मूळ घर अमेरिका असल्याचें सांगितलें. प्रतिष्ठेच्या शिखरावर असलेल्या विद्वानानें आपलें मत समोरच्या हाडांपुढें असें मुकाट्यानें बाजूस सारावें, हें दृश्य आम्हांस ह्या साऱ्या इतिहासांत अत्यंत स्पृहणीय वाटतें.

युरोपीय पंडितांची फसगत कशी झाली, हें घरगुती दृष्टांतानें सांगतां येईल. एखाद्या गांवच्या धर्मशाळेंत दहा दहा वर्षांच्या अंतरानें एकाच घराण्यांतले तीन प्रवासी उतरून गेले. धर्मशाळेच्या वहींत त्यांचीं नांवें लागोपाठ मिळतात, आडनांव एक, चेहरेपट्टीहि थोडी मिळतीजुळती. तेवढ्यावरून पहिला आजा, दुसरा बाप व तिसरा नातू असें आपण ठरविलें, तर काय होईल? वस्तुतः ते त्या घराण्याच्या निरनिराळ्या शाखांतले, आणि घराणें तर दूर देशीं नांदत असलेलें. अँकिथीरिअम, हिप्पॅरिअन आणि घोडा हे असेच तिघे पाहुणे. पहिला सुमारें दोन कोटि वर्षांपूर्वीं, दुसरा सुमारें १ कोटि १० लक्ष वर्षांपूर्वीं आणि तिसरा सुमारें २५ लक्ष वर्षांपूर्वीं, असे ते उत्तर अमेरिकेंतून जुन्या जगांत आले. आज जेथें बेरिंगची सामुद्रधुनी आहे, तेथें समुद्र ओसरलेला असतां कोरड्या भूमीचा पूल उघडा पडत असे, वाट तीच. हिप्पॅरिअनच्या पोटीं आजचा घोडा जन्मला नाहीं. दोघांचे पूर्वज अमेरिकेंतच वेगळे झाले होते.

तथापि मूळ घराचा हा मान अमेरिकेकडे पूर्णपणें जातो असेंहि नाहीं. सर्वांत जुने घोडे, म्हणजे पुढच्या पायांना चार व मागच्यांना तीन बोटें असलेले कुत्र्याएवढे प्राणी, साडेपांच कोटि वर्षांपूर्वीं युरोपांतहि होते; रिचर्ड ओवेन ह्यानें त्यांतल्या एकाचें १८४१ मध्यें वर्णन केलें तेव्हां त्याला त्यांत घोडा दिसलाच नव्हता. घोडा, गेंडा व टॅपिर ह्यांच्या समान पूर्वजाजवळ जाणारा एक प्राणी तर आमच्या शेजारींच मिळाला आहे. महाराष्ट्राच्या काळ्या कातळांत घोडा शोधणें व्यर्थ. तो लाव्हा निवाला सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं, म्हणजे घोड्याचा जन्म होण्याच्या पुष्कळ आधीं. परंतु सुरतेजवळ वस्तान येथील लिग्नाइट कोळशाच्या खाणींत, ह्याच कातळावर मागाहून सांचलेल्या थरांत, खंभातच्या नांवावरून कँबेथीरिअम हें नांव मिळालेला प्राणी सांपडला. २००५ सालीं त्याचें प्रथम वर्णन झालें, आणि २०२० मध्यें त्याच्या बहुतेक हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानची भूमि आशियाला पुरती जोडली जाण्यापूर्वींच्या काळीं ह्या कुळाचा उगम येथें झाला असावा, असें त्या अभ्यासकांचें अनुमान आहे. अनुमान मोहक आहे खरें, पण तें अनुमानच समजून चालावें. आमच्याकडे ‘सर्व कांहीं मूळचें आमचेंच’ म्हणण्याची हौस दांडगी आहे.

तीन खुरांच्या घोड्यांचा अमेरिकेंत केवढा पसारा होता, हें नेब्रास्कांतील ॲशफॉल येथें एका दृष्टिक्षेपांत दिसतें. मायकेल व्हूरहीज ह्यांना १९७१ सालीं मक्याच्या शेताकडेच्या एका घळींत गेंड्याच्या पिलाची कवटी दिसली. पुढें तेथें एका प्राचीन पाणवठ्याच्या सभोंवार सबंध सांगाडेच्या सांगाडे, ज्या स्थितींत प्राण गेला त्याच स्थितींत, राखेखालीं गाडलेले मिळाले. सुमारें १ कोटि २० लक्ष वर्षांपूर्वीं पश्चिमेस शेंकडों मैलांवर ज्वालामुखीचा स्फोट होऊन त्याची कांचेसारखी धारदार राख ह्या माळावर पडली. गवताबरोबर ती पोटांत आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली. पक्षी व कासवें आधीं मेलीं, मग घोडे व उंट, आणि सर्वांत शेवटीं गेंडे. थरांचा क्रमच तसा आहे. श्वासरोगानें हाडांवर जी विकृत वाढ होते, तीहि त्या हाडांवर स्पष्ट आहे. त्या एका पाणवठ्यावर पांच प्रकारचे घोडे मेलेले आढळले. त्यांतले बहुतेक तीन खुरांचे, आणि प्लायोहिप्पस नांवाचा एक, बाजूचे खूर जवळजवळ गमावून बसलेला. म्हणजे तीन खुरांचा घोडा संपला आणि मग एक खुराचा आला, अशी गोष्ट नव्हे. दोघे एकाच डबक्याचें पाणी पीत होते. पदार्थसंग्रहालयांत भिंतीवर एकामागून एक मांडलेली घोड्यांची सरळ रांग आपण पाहतों, ती समजुतीपुरती. जॉर्ज सिम्सन ह्या विद्वानानें १९५१ च्या आपल्या ग्रंथांत ती खोडून काढून दाट फांद्यांच्या झुडुपाचें चित्र पुढें ठेविलें. त्यांतील एकच फांदी आज हिरवी आहे, एवढेंच.

ॲशफॉलच्या पांचांतला कॉर्मोहिप्पॅरिअन हाच, किंवा त्याचा निकटचा आप्त, पुढें पूल ओलांडून आशियांत आला. व्हिएन्नाच्या आसपासच्या थरांत हे घोडे १ कोटि १० लक्ष वर्षांच्याहि थोडे आधीं दिसूं लागतात. शिवालिकच्या पट्ट्यांत, आज पाकिस्तानांत असलेल्या पोटवारच्या पठारावर, सुमारें १ कोटि ८ लक्ष वर्षांपूर्वीं. आणि त्यानंतर लवकरच आफ्रिकेंत. त्यांचा प्रसार इतक्या वेगानें झाला कीं, जेथें त्यांचा पहिला दांत मिळे तेथून नवें युग मोजावें असा परिपाठ भूस्तरशास्त्रज्ञांनीं पुष्कळ वर्षें पाळला. पोटवारचा काळ इतका नेमका कळतो तो तेथील गाळामुळें. पृथ्वीचें चुंबकत्व अधूनमधून उलटें होतें, आणि सांचणाऱ्या गाळांतले लोहकण त्या त्या वेळची दिशा धरून बसतात. शिवालिकचा मैलोगणती जाडीचा गाळ म्हणजे ह्या उलथापालथींची रोजनिशीच होय. हिमालयानें आपल्या पायथ्याशीं असें दप्तर रचून ठेविलें नसतें, तर ही वंशकथा पुष्कळच अंधुक राहिली असती.

ह्या दप्तरांतील एक पान तर आमच्या ताटापर्यंत येऊन पोंचतें. वनस्पति सूर्यप्रकाशांत अन्न तयार करितात, त्याच्या मुख्यतः दोन रीति आहेत. झाडें, झुडपें, भात, गहूं ह्यांची एक; ज्वारी, बाजरी, मका, ऊंस आणि उष्ण प्रदेशांतील बहुतेक गवतें ह्यांची दुसरी. दुसऱ्या रीतींत कार्बनचा जड प्रकार किंचित् अधिक शोषला जातो, आणि तें प्रमाण ती वनस्पति खाणाऱ्या जनावराच्या दांतांच्या एनॅमलमध्यें उतरतें. म्हणून ज्याला मरून कोटि वर्षें झालीं, अशा घोड्यानें काय चरलें होतें, हें त्याच्या दांतावरून आज सांगतां येतें. पोटवारचे हिप्पॅरिअन आले तेव्हां तेथें पहिल्या रीतीच्या वनस्पतींचें राज्य होतें. ८० ते ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या काळांत माती व दांत दोन्ही बदलले; वनें मागें हटलीं आणि ज्वारीच्या जातभाईंचीं कुरणें पसरलीं. ह्या बदलांत शिवालिकचे कित्येक वनवासी प्राणी नाहींसे झाले. घोडा टिकला. त्याच्या उंच दाढा ह्या कामासाठीं आधींच सिद्ध होत्या. गवतांत गारेचे सूक्ष्म कण असतात, आणि जमिनीलगत चरतांना धूळहि तोंडांत जाते. अशा खाद्यानें दाढ वर्षानुवर्षें झिजली तरी आयुष्यभर पुरावी इतकी ती उंच, आणि तिच्यांतल्या एनॅमलच्या घड्या सिमेंटच्या लेपानें भक्कम झालेल्या. कोवालेव्स्कीनें जें तर्कानें सांगितलें तें असें दांतांनींच सांगितलें.

मग बाजूचे ते दोन खूर काय कामाचे होते? उभा असतांना हिप्पॅरिअनचे ते खूर जमिनीस टेकत नसत. परंतु धांवतांना भरानें मधलें बोट लवलें, किंवा पाय चिखलांत रुतला, कीं ते आधार देत असावेत असें बहुतेकांचें मत आहे. मोठ्या अंगाच्या घोड्यांत मधलें हाडच इतकें मजबूत होत गेलें कीं, ह्या आधाराची गरज कमी कमी होत गेली. हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१७ मध्यें निरनिराळ्या घोड्यांच्या ह्या हाडाची वांकण सोसण्याची शक्ति मापून हीच गोष्ट दाखविली. ह्यावरून तीन खुरांचा घोडा अपुरा आणि एक खुराचा पूर्णत्वास पोंचलेला असा निवाडा देण्याचा मोह होतो. आमच्या मतें तो टाळला पाहिजे. ज्यानें व्हिएन्नापासून चीनपर्यंत आणि शिवालिकपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतची भूमि एक कोटि वर्षें व्यापली, त्याला अपुरा कोणत्या तोंडानें म्हणावें? एक खुराचा घोडा आफ्रिकेंत आल्यावरहि तीन खुरांचा त्याच्या शेजारीं दहा लक्ष वर्षांहून अधिक काळ नांदला, आणि त्याची तेथली शेवटची शाखा नाहींशी होऊन अजून दहा लक्ष वर्षेंहि लोटलीं नाहींत. एक खुराच्याचीहि कथा फारशी गौरवाची नाहीं. जन्मभूमि जी अमेरिका, तेथून तो सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं समूळ नष्ट झाला. १५१९ सालीं कोर्तेझनें मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सोळा घोडे उतरविले, तेव्हां तेथील लोकांस तें जनावर अगदीं नवें होतें.

तीन खुरांच्या घोड्याची चालहि आपल्याला ठाऊक आहे, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास खरी वाटत नाहीं. टांझानियांत लाएटोली येथें सुमारें ३६ लक्ष वर्षांपूर्वीं ज्वालामुखीची राख पडली, तीवर पावसाचे थेंब पडून तिचा गिलावा झाला, आणि त्यावरून जीं जनावरें गेलीं त्यांचीं पावलें तशींच घट्ट झालीं. मेरी लीकी ह्यांच्या मंडळीला १९७८ सालीं तेथें दोन पायांवर चालणाऱ्या मानवपूर्वजांच्या पावलांची जी रांग मिळाली, ती जगप्रसिद्ध आहे. तेथेंच हिप्पॅरिअनचीं पावलें आहेत. एलिझे रेंडर्स ह्या विदुषीनें १९८४ सालीं त्यांचीं अंतरें व क्रम मापून दाखविलें कीं, हे घोडे दुडक्या चालीनें जात नव्हते कीं चौखूर उधळलेले नव्हते. चारी पाय एकामागून एक पडणारी, पाठ न हलविणारी जलद चाल ते चालत होते. आइसलंडचीं तट्टें आजहि तशी चालतात, आणि आमच्याकडे जिला रहवाल म्हणतात ती हिच्याच जातीची. निसरड्या ओल्या राखेवर पाय घसरूं नये म्हणून त्यांनीं ती धरली असावी. त्यांत एक घोडी आहे आणि तिच्या सोबत तिचें शिंगरूं. शिंगराचीं पावलें आईच्या वाटेला छेदून इकडून तिकडे गेलेलीं दिसतात, आणि दोघांची वाट त्या दोन पायांवर चालणाऱ्यांच्या रांगेस आडवी जाते.